आहेर: यादीतला आणि यादीबाहेरचा

२०२५ च्या मे महिन्यातला एक शनिवार. वॉचमनने एक जाडसर पाकीट आणून दिलं. वर अमेरिकेचं तिकीट. हल्ली टपालाने येतं काय, तर बँकेची पत्रकं आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल. त्यामुळे पाकीट दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. आत एक कार्ड आणि त्यावर फोटो. डोक्यावर चौकोनी टोपी, अंगात निळा झगा, चेहऱ्यावर आता-मला-कोणी-अडवू-शकत-नाही असं हसू. शिकागोजवळच्या एका गावात एक मुलगी हायस्कूल पास झाली होती आणि ते आम्हाला कळवलं जात होतं.

मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. तिच्या आईला ओळखतो. २००६ मध्ये मी शिकागोत ऑनसाइट होतो तेव्हा ती आमची टेस्ट लीड होती. माझ्या कोडमधले जेवढे बग तिने शोधले तेवढे माझ्या स्वभावातले बायकोनेही शोधले नसतील. त्या वर्षी जूनमध्ये तिचं लग्न झालं. अमेरिकन लग्नात आहेर करायची ती माझी पहिलीच वेळ. आणि आता तिची मुलगी ग्रॅज्युएट!

"काहीतरी पाठवायला हवं," बायको म्हणाली.

"काय?"

"मला काय विचारतोस? तिकडे तू राहिला होतास."

बरोबर आहे. पण लग्नाच्या वेळी हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण तेव्हा उत्तर छापून मिळालं होतं. ह्या वेळी तसं काही नव्हतं. असं का, हे शोधण्यात माझे पुढचे दोन वीकेंड गेले आणि भेट ठरायची ती राहिलीच. त्या दोन वीकेंडचा हा ऐवज.

आधी २००६ ची गोष्ट सांगतो. लग्नाची पत्रिका आली. आपल्याकडच्या पत्रिकेत "कृपया आहेर आणू नये" असं तरी असतं (आणि ते वाचूनही पाकीट खिशात ठेवूनच आपण जातो). ह्या पत्रिकेत आहेर हा विषयच नव्हता. शेजारच्या क्युबिकलमध्ये एक वयस्कर गृहस्थ बसायचे. त्यांना हळूच विचारलं, इथे काय देतात? ते म्हणाले, "ती फील्ड्समध्ये रजिस्टर्ड आहे."

मला वाटलं, रजिस्टर लग्न करतायत. म्हटलं वा, साधेपणा! मग दुकानात कशाला रजिस्टर होतायत, हे काही कळेना. शेवटी त्यांनी समजावून सांगितलं. नवरा-नवरी दुकानात जाऊन आपल्याला काय काय हवंय त्याची यादी नोंदवून येतात. पाहुण्यांनी त्या दुकानात जायचं, यादी मागायची आणि त्यातली एखादी वस्तू विकत घ्यायची. दुकानदार यादीवर तेवढी खूण करतो, म्हणजे दुसरा कोणी तीच वस्तू आणत नाही. पत्रिकेत ह्याचा उल्लेख करणं मात्र असभ्य समजतात. मैत्रिणींनी, आईने, क्युबिकलमधल्या काकांनी तोंडी सांगायचं. म्हणजे मागायचं, पण मागितलं असं दिसू द्यायचं नाही. इथे मला एकदम घरच्यासारखं वाटलं :-)

शनिवारी लोकल पकडून स्टेट स्ट्रीटवर गेलो. मार्शल फील्ड्स हे प्रकरण नुसतं 'दुकान' म्हणून संपत नाही. अख्खा ब्लॉक व्यापणारी इमारत. कोपऱ्यावर हिरवट पडलेलं काशाचं अवाढव्य घड्याळ. त्यातलं पहिलं १८९७ मध्ये बसवलं. 'घड्याळाखाली भेटू' हा शिकागोकरांचा ठरलेला संकेत. नॉर्मन रॉकवेलने हे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाचं चित्र काढलं आणि ते १९४५ मध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या मुखपृष्ठावर आलं. आत गेलं की डोक्यावर टिफनीचा काचेच्या तुकड्यांचा घुमट, १९०७ सालचा. मान वर करून बघत राहिलं की मागून येणारा माणूस आपल्यावर आदळतो. माझ्यावर आदळला.

भांड्यांच्या मजल्यावर एक मशीन होतं. त्यात नवरीचं आडनाव टाकलं आणि खरखर करत यादी बाहेर आली. वस्तू, किंमत, किती हव्यात, किती घेतल्या गेल्या. चार कॉलम. शेवटच्या दोनांची वजाबाकी केली की मला काय घेता येईल ते कळत होतं. इंजिनिअर म्हणून मी खूश झालो. माणूस म्हणून जरा दुखावलो. आपण कोणाला काहीतरी द्यावं म्हणून मनात विचार करतोय, आणि समोरच्याने आधीच रिक्वायरमेंट डॉक्युमेंट काढून ठेवलंय!

तोवर स्वस्त वस्तू संपल्या होत्या. माझ्या ऐपतीतली एकच शिल्लक होती. पांढरी, चंदेरी काठाची 'ग्रेव्ही बोट', ८५ डॉलर. डॉलर तेव्हा ४५-४६ रुपयांना होता. मनातल्या मनात गुणाकार केला आणि घशाला कोरड पडली. ग्रेव्ही बोट म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं. विक्रेत्या बाईंनी दाखवली. अल्लाउद्दीनच्या दिव्याला झाकण नसतं तर जशी दिसली असती तशी. त्यातून मांसाचा रस्सा वाढतात. शाकाहारी माणसाच्या हातून हे लिहिलेलं होतं! घेतली. बाईंनी माझ्यासमोर कीबोर्डवर दोन बटणं दाबली आणि यादीतली ती ओळ बंद झाली.

ही यादीची पद्धत ह्याच दुकानात, ह्याच इमारतीत सुरू झाली, १९२४ साली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ. शिकागोत पॉटर पामर नावाचा एक व्यापारी होता. त्याने त्या काळात अचाट वाटेल असा नियम केला होता. माल घरी न्या, पसंत नाही पडला तर परत आणा, पैसे परत. आपल्याकडच्या 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ह्या पाट्यांवर वाढलेल्या माणसाला ह्याचं मोल कळेल. १८६५ मध्ये पामरच्या धंद्यात मार्शल फील्ड आणि लीव्हाय लायटर हे दोघे तरुण आले, थोड्याच काळात पामर बाजूला झाला, पुढे १८८१ मध्ये लायटरही गेला आणि मार्शल फील्ड अँड कंपनी उरली. फील्डने पामरचा नियम ठेवला. 'बाईंना जे हवंय ते द्या' हे ह्या दुकानाचं ब्रीदवाक्य मानलं जातं. ह्याच दुकानात हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज २५ वर्षं राबला आणि मग १९०९ मध्ये लंडनला जाऊन त्याने स्वतःचं सेल्फ्रिजेस काढलं. तो वेगळाच लेख होईल, सोडून देतो.

तर बाईंना जे हवंय ते द्यायचं, हे ठीक. पण नवरीला काय हवंय ते तिच्या मावशीला कसं कळणार? हा प्रश्न १९२४ च्या आसपास एवढा बिकट का झाला, ह्याचं उत्तर चमचे-काट्यांत आहे.

चांदी एकेकाळी खरोखर श्रीमंतांचीच होती. १८४० च्या सुमारास वीज वापरून साध्या धातूवर चांदीचा मुलामा चढवण्याचं तंत्र इंग्लंडमध्ये आलं. १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉकची चांदीची खाण सापडली. भांडी हाताने ठोकण्याऐवजी यंत्राने घडू लागली. पूर्वी लग्नात भेटी द्यायच्या त्या मुख्यतः घरच्यांनी. आता ओळखीपाळखीचेही चांदीचं काहीतरी देऊ लागले. कारखानदारांनी मग नक्षी काढायला सुरुवात केली. नक्षी म्हणजे 'पॅटर्न'. एका पॅटर्नचा काटा दुसऱ्या पॅटर्नच्या चमच्याशेजारी ठेवला की पंगतीची शोभा जाते, असा समज रुजला (रुजवला असंही म्हणता येईल). गॉरहॅम कंपनीचा 'शँटिली' पॅटर्न १८९५ चा, तो पिढ्यानपिढ्या विकला गेला. बरं, पॅटर्न एक असला तरी त्यात वस्तू किती? माशाचा काटा वेगळा, सॅलडचा वेगळा, शिंपल्यांचा वेगळा, आइस्क्रीमचा वेगळा, सार्डिनचा आणखी वेगळा. हे इतकं वाढलं की १९२५ च्या सुमारास अमेरिकेचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर ह्यांनी कारखानदारांना मर्यादा सुचवली: एका पॅटर्नमध्ये ५५ हून जास्त प्रकार नकोत. हो, हेच हूवर पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ५५ प्रकार ही *कमी केलेली* संख्या आहे, हे लक्षात घ्या.

चांदीच्या जोडीला चिनी मातीची भांडी. त्यांचेही पॅटर्न. १९१८ मध्ये वुड्रो विल्सन ह्यांच्या व्हाइट हाउससाठी पहिल्यांदाच अमेरिकन बनावटीचा डिनर सेट घेतला गेला, न्यू जर्सीच्या लेनॉक्स कंपनीचा. मग मध्यमवर्गालाही देशी चायना चालू लागलं. शिवाय काचेचे पेले. म्हणजे तीन गोष्टी, प्रत्येकीत शेकडो पॅटर्न, आणि प्रत्येक पॅटर्नमध्ये डझनावारी प्रकार. ५० पाहुण्यांनी अंदाजाने भेटी आणल्या तर जुळण्याची शक्यता किती, हे प्रोबॅबिलिटीचा पेपर जेमतेम सुटलेल्यालाही सांगता येईल.

ह्याआधी काय करत होते? एमिली पोस्ट ह्या बाईंचं शिष्टाचारांवरचं जाडजूड पुस्तक १९२२ मध्ये आलं, म्हणजे यादी सुरू व्हायच्या दोनच वर्षं आधी. त्यात नवरीच्या घरी भेटी टेबलांवर कशा मांडायच्या ह्याचं सविस्तर वर्णन आहे. लग्नाआधी पाहुण्यांनी येऊन ते प्रदर्शन बघायचं. वाचता वाचता मी थबकलो. हे तर रुखवत! आपल्याकडे मुलीकडचे मांडतात, तिकडे आलेल्या भेटी मांडायचे, फरक एवढाच. आणि बाई पुढे सांगतात की नवरीने भेटींची एक वही ठेवावी. क्रमांक, आल्याची तारीख, वस्तू, कोणी दिली, त्यांचा पत्ता, आभाराचं पत्र कधी धाडलं. शिवाय कुठल्या दुकानातली, हाही रकाना.

आता सांगा, ही आहेराची वही नव्हे तर काय? माझ्या आईवडिलांच्या लग्नातली वही आमच्या घरी अजून आहे. काळ्या पुठ्ठ्याची, उभी. कुठल्यातरी काकांच्या वळणदार अक्षरात ११ रुपये, २१ रुपये, एक स्टीलचा डबा, पुन्हा ११ रुपये. घरात कोणाचंही लग्न निघालं की आई ती वही काढायची. "त्यांनी आपल्याला किती दिले होते बघ." त्यावर थोडी वाढ करून पाकिटात घालायचे. आपल्या वहीचा उपयोग परतफेडीला. त्यांच्या वहीचा उपयोग आभाराच्या पत्राला, आणि दुकानाचा तो रकाना, माझ्या अंदाजाने, वस्तू गुपचूप बदलून आणायला. पण दोन्ही वह्या *नंतर* लिहायच्या. आहेर आला, मग नोंद झाली.

मार्शल फील्ड्सने १९२४ मध्ये केलं ते एवढंच: वही आधी लिहायला घेतली. आणि ती नवरीच्या घरातून उचलून दुकानाच्या काउंटरमागे ठेवली.

ही मला ह्या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. मुलगी आईबरोबर दुकानात यायची, चायनाचा, चांदीचा आणि क्रिस्टलचा असे पॅटर्न निवडायची, ते तिच्या नावाखाली नोंदले जायचे. पाहुणे येऊन नाव सांगायचे. ताटलीची वर्दी दिली की नोंद. वितरित प्रणालीत दोन जणांनी एकाच क्षणी एकच वस्तू बुक केली तर काय, हा आमच्या धंद्यातला छळवादी प्रश्न. इथे तो सोपा होता, कारण नोंद एक, पेन एक आणि काउंटरमागच्या बाई एक.

पण दुकानाला काय मिळालं बघा. १२ जणांचा अख्खा डिनर सेट एकरकमी घेणारं गिऱ्हाईक किती? तोच सेट ६० पाकिटांत वाटून टाकला की कोणाच्याच खिशाला टोचत नाही. मावशी दोन कप-बश्या घेते, ऑफिसातले मिळून एक सूपचं भांडं घेतात. आणि सेट लग्नात पुरा होतच नाही! उरलेला नाताळात, वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला पुरा करायचा, आणि तोच पॅटर्न हवा म्हणून दरवेळी त्याच दुकानात यायचं. एका संध्याकाळच्या निवडीने एक अख्खं घर पुढची अनेक वर्षं दुकानाला बांधलं जातं. आमच्या क्षेत्रात ह्याला 'लॉक-इन' म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात. इथे ते एका ताटलीच्या काठाने साधलं. (पॅटर्न बंद पडला की मग काय? तर त्यावरही धंदा उभा राहिला. उत्तर कॅरोलायनात 'रिप्लेसमेंट्स' नावाची कंपनी १९८१ पासून बंद पडलेल्या पॅटर्नच्या सुट्या ताटल्या विकते. फुटलेल्या एका बशीसाठी लोक देशभरातून तिथे चौकशी करतात.)

तरीही मी ह्याला नुसती दुकानदाराची लबाडी म्हणणार नाही. २००६ मध्ये म्हटलं असतं. आज दुसरी बाजूही दिसते. ज्या घरात मुलगी आयुष्य काढणार, त्या घरातल्या ताटल्या कशा दिसाव्यात हे त्याआधी तिच्या आत्या-मावश्यांच्या आवडीवर ठरत होतं. १९२४ मध्ये कोणीतरी तिला खुर्ची देऊन विचारलं, "तुम्हाला कुठलं आवडतं?" माझ्या आईला कोणी विचारलं असतं तर आमच्या माळ्यावर चार लेमन सेट आणि एकाच आकाराचे नऊ स्टीलचे डबे नसते. नवऱ्याला मात्र कोणी विचारत नव्हतं. त्याचं बरंच नंतर जमलं. १९९३ मध्ये टार्गेट कंपनीने ही यादी कॉम्प्युटरवर आणली, आणि नवरा-नवरी हातात बारकोड वाचणारं यंत्र घेऊन दुकानभर फिरू लागले. बंदुकीसारखं दिसणारं यंत्र हातात आलं आणि अमेरिकन नवऱ्यांना ह्या प्रकारात एकदम रस वाटू लागला, असं तिकडे गमतीने म्हणतात. मजा म्हणजे टार्गेटची मालक कंपनी होती डेटन-हडसन, आणि १९९० मध्ये तिनेच मार्शल फील्ड्स विकत घेतलं होतं. कागदी यादीचं जन्मघर आणि इलेक्ट्रॉनिक यादीचं जन्मघर तेव्हा एकाच छपराखाली नांदत होतं.

पुढे २००४ मध्ये त्यांनी फील्ड्स विकून टाकलं, २००५ मध्ये नव्या मालकालाच फेडरेटेड कंपनीने गिळलं, आणि ९ सप्टेंबर २००६ ला, माझ्या ग्रेव्ही बोटीनंतर तीन महिन्यांनी, इमारतीवर मेसीजचं नाव लागलं. तो शनिवार होता आणि मी तिकडे मुद्दाम गेलो होतो. घड्याळाखाली शेकडो माणसं फलक घेऊन उभी. दुकानाचं नाव बदललं म्हणून मोर्चा! मी तेव्हा हसलो होतो. आज वाटतं, कित्येकांच्या आईच्या लग्नाची यादी आत होती. आपल्या घराची वही ज्याच्याकडे आहे त्याने नाव बदललं तर वाईट वाटणारच.

असो. आता ग्रॅज्युएट.

अमेरिकन दुकानांच्या जाहिरातींत नवरी आणि ग्रॅज्युएट ही जोडगोळी वर्षानुवर्षं एकत्र दिसते. साधं कारण म्हणजे जून. शाळा-कॉलेजं मे-जूनमध्ये संपतात आणि लग्नंही जूनमध्येच जास्त. पण ग्रॅज्युएट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बी.ई., बी.कॉम. येतं. तिकडे ह्या भेटींचा मोठा भाग हायस्कूलच्या मुलांचा. १९१० मध्ये अमेरिकेत त्या वयाच्या १०० मुलांपैकी जेमतेम ९ हायस्कूल पुरं करत होती. १९४० मध्ये ५०! तीस वर्षांत. घरातलं पहिलंच पोर एवढं शिकलेलं, असं ज्यांच्या बाबतीत झालं अशी घरं लाखांनी असणार. बापाला काहीतरी द्यावंसं वाटणारच.

काय देत होते? घड्याळ. शिकागोपासून तासाभरावरच्या एल्जिन गावात १८६४ मध्ये एल्जिन कंपनी निघाली आणि तिने शंभर वर्षांत सुमारे सहा कोटी घड्याळं बनवली. मे महिना आला की त्यांच्या जाहिरातींत टोपी-झग्यातली मुलं. मागच्या झाकणावर नावाची आद्याक्षरं आणि साल कोरून द्यायचं. नाहीतर फाउंटन पेन. विस्कॉन्सिनच्या पार्कर कंपनीचं 'पार्कर ५१' १९४१ मध्ये बाजारात आलं आणि भेटीसाठीच जन्मल्यासारखं खपलं. नाहीतर बॅग. डेन्व्हरच्या श्वेडर बंधूंनी १९१० मध्ये ट्रंका बनवायला घेतल्या. त्यांच्या एका जुन्या जाहिरातीत बाप आणि चार मुलगे, सगळे अंगापिंडाने भक्कम, आपल्याच बॅगेवर फळी टाकून उभे आहेत. ती कंपनी पुढे सॅमसोनाइट झाली.

घड्याळ, पेन, बॅग. बघा, ह्यातली एकही वस्तू घरात मांडून ठेवायची नाही. तिन्ही घराबाहेर न्यायच्या. आणि ह्यांची यादी कुठल्याही काउंटरवर नाही. अठरा वर्षांच्या पोराला आपल्याला काय लागणार हे माहीत नसतं. देणाऱ्यानेच अंदाज बांधायचा.

मुलींच्या बाबतीत मात्र हा अंदाज बांधायचं काम एका कंपनीने फार हुशारीने केलं. व्हर्जिनियातली लेन कंपनी देवदाराच्या पेट्या बनवायची. लग्नाआधी मुलगी आपल्या संसाराचे कपडे, चादरी वगैरे जमवते ती पेटी, 'होप चेस्ट'. लेनने हायस्कूल पास होणाऱ्या मुलींना हातभर लांबही नसलेली, अगदी तश्शीच छोटी पेटी फुकट द्यायला सुरुवात केली. कुपन घेऊन गावातल्या फर्निचरच्या दुकानात जायचं आणि पेटी घेऊन यायची, आत त्या दुकानाचं नाव छापलेलं. म्हणजे मुलगी शाळेतून बाहेर पडतेय त्याच आठवड्यात तिच्या हातात लग्नाचं सँपल! ग्रॅज्युएटचं नवरीत रूपांतर करायचा हा फनेल अनेक दशकं चालला. १९४० च्या दशकात शर्ली टेम्पल त्यांच्या जाहिरातींत होती, तीही तेव्हा शाळकरी वयाचीच. ह्या मोठ्या पेट्यांची एक भयानक बाजू उशिरा उजेडात आली. झाकण पडलं की कुलूप आपोआप लागायचं आणि आतून उघडायचं नाही. खेळताना आत शिरलेली मुलं गुदमरून गेली. १९९६ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख पेट्यांची कुलपं बदलून देण्याची घोषणा करावी लागली. आजीच्या लग्नाची पेटी, नातवंडांच्या खोलीत. हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून चहा करायला उठलो.

चहा करताना वडिलांची आठवण झाली. १९९९ मध्ये मी इंजिनिअर झालो तेव्हा मला कॉम्प्युटर हवा होता. मागितलाही होता. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वडील म्हणाले, चल. लक्ष्मी रोडवर गेलो. त्यांनी सरळ बॅगांच्या दुकानात शिरून व्हीआयपीची मोठ्यातली मोठी सूटकेस दाखवायला सांगितली. गडद निळी, नंबरांच्या कुलुपाची. मी तोपर्यंत मुंबईच्या पलीकडे गेलो नव्हतो. नोकरी मिळाली तीही पुण्यातच, घरापासून पीएमटीच्या दोन बसवर. "ही घेऊन मी कुठे जाऊ?" मी दुकानातच म्हणालो, दुकानदारासमोर. वडील काही बोलले नाहीत. पैसे मोजून दिले, रिक्षा केली, बॅग मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर ती माळ्यावर गेली आणि सहा वर्षं तिथेच होती. आई तिच्यात गोधड्या ठेवायची.

२००५ मध्ये शिकागोचं तिकीट हातात आलं तेव्हा वडील खुर्चीवर चढून ती स्वतः खाली काढू लागले. मी म्हटलं, थांबा, मी काढतो. "नको," म्हणाले, "कुलपाचा नंबर मला माहितीये." नंबर माझ्या निकालाची तारीख होती. मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. ह्या प्रसंगानंतर वडील दीडच वर्ष होते. मी परत आलो ते त्यांच्या दिवसांना, तीच बॅग घेऊन.

तर ते पाकीट. न राहवून मी टेस्ट लीडला मेल टाकली की मुलीचं अभिनंदन, आणि काही यादी असेल तर कळव. जुन्या सवयीने तिने तासाभरात उत्तर दिलं. यादी वगैरे काही नाही, बहुतेक लोक चेक पाठवतात, तू काही पाठवू नकोस. खाली स्वयंपाकघराच्या ओट्याचा फोटो. चंदेरी काठाची ग्रेव्ही बोट, तिच्यात गाडीच्या किल्ल्या, रबरबँड, एक टेप आणि दोन पेन्सिली. बाकीचा सेट कपाटात आहे म्हणाली, वर्षातून एकदा निघतो, बोट तेवढी रोज वापरात. तिच्या मते यादीतली सगळ्यांत उपयोगी वस्तू तीच निघाली.

चेकचा विचार केला. व्यवहाराला तेच बरोबर. पण दुसऱ्या शनिवारी मी अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला एका पेनांच्या दुकानात उभा होतो. शाईची बाटली कुरिअरवाले घेणार नाहीत, त्यामुळे नुसतं फाउंटन पेन. आजची अठरा वर्षांची अमेरिकन मुलगी फाउंटन पेनने काय लिहिणार, हा प्रश्न बायकोने विचारलाच. माहीत नाही. नाव कोरून मिळेल का, म्हणून मी दुकानदारांना विचारलं. मिळेल म्हणाले, पण मग बदलून मिळणार नाही.

"चालेल," म्हटलं. नाव देवनागरीत कोरायला सांगितलं. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, त्यांनी ते कागदावर दोनदा लिहून घेतलं.